लागतंय का काही?

"लागतंय का काही?" साडूबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात व्हिन्यालेस नावाचं खोरं आहे. तिथल्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या पडवीत आम्ही झुलत्या खुर्च्यांवर बसलो होतो. समोर लालभडक माती, तिच्यात हत्तीच्या कानासारखी तंबाखूची पानं, आणि मागे जमिनीतून कुणी ढकलून वर काढावेत असे उभ्या कड्यांचे डोंगर. त्यांना तिकडे मोगोते म्हणतात. माझ्या हातात वीतभर सिगार होता आणि तोंडात धूर होता. तो धूर छातीत घ्यायचा नाही, लगेच सोडायचाही नाही, नुसता गालांत फिरवायचा, अशी सक्त ताकीद होती. चूळ तोंडात असताना माणूस उत्तर काय देणार? मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आता मी तंबाखूच्या बाबतीत अगदीच अडाणी आहे असं कुणी समजू नये. मी निपाणीचा. आजोबा विडीच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. गावात शिरलं की आधी खकाणा नाकात शिरायचा, मग गाव दिसायचं. निपाणीच्या पोराला शिंका येणं हा आजार नव्हे, ते तिथलं हवामान आहे. घरात पुरुष मळायचे, आजी मशेरी लावायची, आणि मला वडिलांनी तेराव्या वर्षी एक थोबाडीत देऊन या क्षेत्रातून निवृत्त केलं. पण आमचा कार्यक्रम कसा सुटसुटीत असायचा! चंची सोडली, चुना लावला, तळव्यावर अंगठ्यानं रगडली, दोन थापा मारल्या, चिमूट ओठाखाली. पाऊण मिनिटात विषय संपला. "काय लागतंय?" असं तिथे कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. "आणखी आहे का?" एवढंच विचारतात.

साडूबुवांचं तसं नाही. ते टोरांटोत एका विमा कंपनीत आयुष्यभर आकडे मोजून निवृत्त झाले आणि मग त्यांना रस घ्यायचा नाद लागला. आधी वाईन झाली, मग चीज झालं, आता सिगार. त्यांच्या बैठकीच्या खोलीत सीडरच्या फळ्या लावलेलं एक कपाट आहे. त्यात सिगार झोपतात. आतली आर्द्रता 69 टक्के असावी लागते. टोरांटोच्या हिवाळ्यात हीटर लावला की माणसांचे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, त्याकडे घरात कुणी लक्ष देत नाही. पण कपाटाचा काटा 66 वर आला की हा गृहस्थ रात्री दोनला उठून पाणी भरतो. ताई म्हणते, "बाळंतपणात इतका उठला असता तर!"

तर यंदा दोघी बहिणींनी क्युबाचा बेत ठरवला तो समुद्रासाठी. साडूबुवा आले ते तंबाखूसाठी, आणि मी आलो तो साडू म्हणून.

हवानात पहिल्याच सकाळी एक हसतमुख तरुण भेटला. आज सहकारी सोसायटीचा सण आहे, कामगारांना फक्त आजच्या दिवस निम्म्या किमतीत सिगार विकायला परवानगी आहे, पेटी घरी ठेवलीय, चला. सहकार म्हटल्यावर माझ्यातला निपाणीकर विरघळला. मी दोन पावलं गेलोसुद्धा. साडूबुवांनी कॉलर धरून मागे ओढलं. हा सण तिथे रोज असतो म्हणे. आणि पेटीला काचेचं झाकण असून आत कोहिबा, म्हणजे तिथला नामांकित सिगार, दिसत असेल, तर ती काच हाच तो माल नकली असल्याचा पुरावा.

मग खऱ्या दुकानात गेलो. आतल्या थंड, दमट खोलीत साडूबुवा एकेक सिगार नाकापाशी नेत होते, दोन बोटांनी हलकेच दाबत होते, कानाशी फिरवत होते. मंडईत ताई वांगी अशीच दाबते, तेव्हा हेच "अगं, लोक बघतायत" म्हणतात. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, हे मला तिथे कळलं. रोबुस्तो नावाचा प्रकार पन्नास जाडीचा. साडूबुवा ते दशांशात समजावत होते, पण माझ्या आजोबांना हे क्षणात कळलं असतं. जुन्या रुपयाचे पैसे चौसष्टच होते. पन्नास पैसे म्हणजे साडेबारा आणे. साडेबारा आणे जाडीचा सिगार! किंमत मी डॉलरमध्ये ऐकली आणि सवयीनं तिचे रुपये केले. पंचवीस वर्षं कॅनडात काढली तरी हा हिशेब आपोआप होतो, आणि झाला की घाम येतो.

त्या घामावर उतारा म्हणून साडूबुवांनी केनेडींची गोष्ट सांगितली. 1962च्या फेब्रुवारीत अमेरिकेला क्युबाच्या मालावर बंदी घालायची होती. हुकूम तयार होता. आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांनी आपले प्रेस सेक्रेटरी पिअर सॅलिंजर यांना बोलावलं आणि उद्या सकाळपर्यंत हजारभर क्युबन सिगार जमवायला सांगितलं. सॅलिंजरनी गावभर फिरून 1,200 आणले. ते पोचल्याची खात्री झाली, तेव्हा कुठे बंदीवर सही झाली. हे सांगताना साडूबुवांचा आवाज जड झाला. बायको म्हणाली, "आपल्याकडे भाववाढीच्या आदल्या रात्री पेट्रोल पंपावर रांग लागते, तसंच की."

मला स्वतःला आवडला तो कारखान्यातला वाचक. सिगार वळणारे कामगार शाळेसारख्या बाकांवर ओळीनं बसतात आणि पुढे चौथऱ्यावर बसून एक जण त्यांना मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवतो, मग कादंबरी. ही पद्धत 1865 पासूनची. माँटेक्रिस्टो या सिगारचं नावसुद्धा असंच ऐकलेल्या कादंबरीवरून पडलं म्हणतात. आमच्या वखारीत आजोबाही मोठ्यानं वाचायचे, पण ती हजेरी असायची.

दुसऱ्या दिवशी पन्नाशीतल्या एका शेवरोलेतून तीन तास हाडं खिळखिळी करून घेत आम्ही व्हिन्यालेसला पोचलो. पन्नाशीतली म्हणजे एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. शेतकरी सत्तरीचा, काटकुळा, ओठाच्या कोपऱ्यात विझलेलं थोटूक. त्यानं दहा बोटं वर केली आणि नऊ मिटली. दहातले नऊ भाग सरकारला, सरकारच्या भावानं. एक त्याचा. "लेव्ही!" मी ओरडलो. परदेशात आपलं माणूस भेटावं तसं झालं.

त्यानं आम्हाला तंबाखू वाळवायच्या खोपीत नेलं. पामच्या पानांचं शाकारलेलं उंच छप्पर, तेही नवंच. 2022च्या सप्टेंबरात इयान वादळानं या प्रांतातल्या अशा हजारो खोप्या आडव्या केल्या, त्यातली त्याचीही एक. आत काठ्यांवर जोडीजोडीनं पानं टांगलेली: खालची हिरवट, मधली पिवळी, वरची तपकिरी. पन्नासेक दिवस ती अशीच लटकून रंग बदलतात. मी आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. थेट आजोबांच्या धोतराचा. पाठोपाठ सात शिंका आल्या. साडूबुवा ओशाळले. शेतकरी मात्र प्रत्येक शिंकेला न चुकता "सालुद" म्हणाला आणि सातव्या शिंकेनंतर त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. त्याला काय कळायचं ते कळलं होतं.

मग त्यानं सिगार वळून दाखवला. आत तीन जातीची पानं. वोलादो जळण्यासाठी, सेको वासासाठी, आणि झाडाच्या शेंड्याकडचं, भरपूर ऊन खाल्लेलं लिहेरो जोरासाठी. हे लिहेरो सावकाश जळतं म्हणून मधोमध घालायचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ आहे. त्यावर एक बांधणीचं पान, त्यावर एक देखणं, रेशमी पान. टोक मधानं चिकटवलं आणि वर पुन्हा मधात बुडवलं. चे गेव्हारा असाच मध लावून ओढायचा म्हणे. खरं-खोटं चे जाणे.

पण साडूबुवांनी मला तो मधाचा सिगार दिला नाही. त्यांनी हवानाहून आणलेला साडेबारा आण्याचा काढला. टोक पोपटाचं नख कापावं तसं कापलं. पेट्रोलचा लायटर चालत नाही, वास बिघडतो, म्हणून सीडरची काडी पेटवली आणि सिगार जाळावर न टेकवता वरच्यावर फिरवत भाजला. मला हे लगेच जमलं. आम्ही पापड असाच भाजतो. मिनिटाला एकच झुरका. राख झटकायची नाही, तिला तिच्या मर्जीनं पडू द्यायचं. एवढं झालं की तास-दीड तास मोकळा, फक्त चव ओळखायची.

"लागतंय का काही?" हे चौथ्यांदा.

"गवत," मी धूर सोडून म्हणालो. खरंच लागत होतं. वाळकं वैरणीचं गवत.

साडूबुवा खुर्चीतून उठले. "अहो, बरोब्बर! फ्रेंच लोक सिगारचे तीन भाग करतात. पहिला गवत, दुसरा दैवी, तिसरा शेणमूत."

"म्हणजे गाय," मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलं नाही. खिशातून वही निघाली होती. "पुढे? चामडं येतंय का?"

त्यांनी इतक्या आशेनं विचारलं की नाही म्हणवेना. "कोल्हापुरी चप्पल," मी म्हणालो. "नवी. पहिल्याच पावसात भिजवून आणली की आई चुलीपाशी वाळत ठेवायची, ती."

"वा! लेदर, ओलसर, किंचित धुरकट!" पेन धावलं. "आणि?"

"दिवाणजींची चोपडी. लाल कापडाची. थुंकी लावून पानं उलटलेली."

"जुना कागद... लाकूड... शाई? शाई मी पहिल्यांदाच ऐकतोय!" त्यांच्या डोळ्यांत आदर होता. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तो आदर मी आजवर पाहिला नव्हता. मला चेव चढला. मी घोंगडी सांगितली, गोठ्याची भिंत सांगितली, भाजलेल्या दाण्यांची सालं सांगितली. ते प्रत्येकाचं इंग्रजी करून लिहीत होते.

आणि मग, अर्ध्यावर आल्यावर, थापा मारण्याची गरजच उरली नाही. धूर जाडसर, मऊ झाला. भांड्याच्या बुडाला लागलेल्या सायीची खरपूस गोडी जिभेवर आली, तिच्यामागून कडक कॉफी, आणि सगळ्यात शेवटी, धूर सोडल्यावर, घशापाशी काळी मिरी. राख दीड इंच वाढून दगडी वातीसारखी ताठ उभी होती. मी बोलायचं थांबलो. साडूबुवाही थांबले. दोन साडू एकमेकांशेजारी दहा मिनिटं गप्प बसले, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं.

तेवढ्यात बायको ताईला म्हणाली, "दोघांचे बंब पेटलेत, पाणी काढून घे." मला हसू फुटलं, आणि हसताना तोंडातला सगळा धूर सरळ आत गेला.

लिहेरो आत शिरलं. आधी कानशिलं गार पडली. मग तळहातांना घाम. मी झुलती खुर्ची पाय रोवून थांबवली, ती थांबली, पण समोरचे मोगोते झुलतच राहिले. पोटातून काहीतरी वर येऊन विचारपूस करून पुन्हा खाली गेलं. निपाणीच्या माणसाची ही गत! कोळ्याच्या पोरानं गुडघाभर पाण्यात बुडावं तसं.

"आता? शेवटच्या भागात लागतंय का काही?"

"लागली," मी कसंबसं म्हणालो.

"काय लागली?"

"तंबाखू."

"ती तर असणारच हो," साडूबुवा पेन सरसावत म्हणाले. "पण तिच्यामागे?"

बायकोनं माझा चेहरा पाहिला. "अहो भावजी, तंबाखू लागलीय त्यांना! गूळ आहे का कुणाकडे, गूळ?"

मग मात्र पळापळ झाली. मला पडवीत आडवं केलं. माझा सिगार खाली पडला होता, तो ताई चपलेनं विझवायला गेली, तर साडूबुवा किंचाळले, "चिरडू नकोस! सिगार चिरडत नाहीत, त्याला मानानं जाऊ द्यायचं असतं!" मी फरशीवर पडून ऐकत होतो. माझ्याबद्दल कुणी असं काही बोललं नाही.

शेतकऱ्याच्या बायकोला मात्र भाषेची गरज पडली नाही. तिनं परसातला ऊस तोडला आणि हातानं फिरवायच्या लाकडी चरकात घातला. ग्वारापो म्हणतात त्याला. चरकाला घुंगरं नव्हती, रसात आलं-लिंबू नव्हतं, पण दुसऱ्या पेल्याला डोंगर जागेवर आले आणि तिसरा मी चवीसाठी प्यालो. म्हातारा शेजारी उकिडवा बसून आपलं थोटूक चघळत माझ्याकडे बघत होता. त्यानं हातानं खूण केली: आत ओढलास ना? मी मान हलवली. या वेळी ती होकाराची होती. तो इतका हसला की थोटूक पडलं.

परतीच्या वाटेवर साडूबुवांना शेवरोलेत झोप लागली आणि वही माझ्या मांडीवर घसरली. मी उघडली. आजची तारीख. पहिला भाग: वाळकं गवत. दुसरा भाग: भिजलेली कोल्हापुरी, दिवाणजींची चोपडी, साय. तिसरा भाग: साडू आडवे. गुण, शंभरपैकी 91. आणि पुन्हा ओढावा का, या रकान्यात लिहिलं होतं: हो, ऊस जवळ असल्यास.