कुरियन यांचा आदेश आणि फॉर्म २७

पी. एच. कुरियन हे नाव मुंबईत फारसं कुणाला आठवत नाही. त्यांचा सगळ्यात गाजलेला आदेश मात्र इथल्याच अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातला आहे. कुरियन केरळ केडरचे आयएएस. २००९ मध्ये ते पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्कचे महानियंत्रक झाले. ९ मार्च २०१२ ला त्यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला जर्मन कंपनी बायरचं 'नेक्सावार' हे कर्करोगाचं औषध बनवायचा सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही ते बनवायची मुभा. भारतातला असा पहिलाच.

महिन्याच्या डोसचा बायरचा दर होता २,८०,४२८ रुपये. नॅटकोला तो ८,८८० रुपयांत विकायचा होता, वर बायरला ६ टक्के रॉयल्टी. शिवाय वर्षाला किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यायचं, ही अट. यकृताच्या किंवा किडनीच्या कर्करोगाचा पेशंट घरात असेल, तर या दोन आकड्यांत काय फरक आहे ते कुणी समजावून सांगायला लागत नाही.

धाडसी निर्णय म्हणून त्यांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मला त्यांचं त्याआधीचं एक काम जास्त मोलाचं वाटतं. पेटंट घेतल्यावर त्याचा भारतात प्रत्यक्ष वापर किती झाला, हे कंपनीने फॉर्म २७ भरून कळवायचं असतं. कायद्यात होतं, पण पाळायचं कोण? डिसेंबर २००९ मध्ये कुरियन यांनी जाहीर सूचना काढून सगळ्या पेटंटधारकांना हा फॉर्म भरायला बजावलं. पुढे नॅटकोच्या प्रकरणात बायरचेच फॉर्म पुरावा ठरले. २००८ मध्ये आयात शून्य आणि २००९ मध्ये जेमतेम २०० बाटल्या! रुग्ण मात्र हजारोंनी. औषध लोकांना पुरत नाही, हे सांगायला मग दुसरा साक्षीदार कशाला हवा?

आदेश वरपर्यंत टिकला. अपील मंडळाने २०१३ मध्ये रॉयल्टी ७ टक्के केली, परवाना कायम ठेवला. २०१४ मध्ये आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने बायरला नकार दिला. कुरियन तोवर केरळात परतले होते.

त्यानंतर दुसरा सक्तीचा परवाना भारतात निघालेला नाही. आणि २०२४ च्या नियमांनी फॉर्म २७ वर्षाला एकदा भरायचा तो तीन वर्षांतून एकदा केला, त्यातला तपशीलही कमी केला. उद्योगांची सोय, म्हणे! मला हे अजिबात मान्य नाही. किती माल आणला, किती बनवला, हे दरवर्षी आकड्यांसकट लिहून घ्या. उद्या एखाद्या अधिकाऱ्याला असा आदेश काढायचाच झाला, तर त्याच्या टेबलावर ते कागद असले पाहिजेत.