‘जातो’ म्हणायचं नाही

मागच्या खेपेला पुण्याहून निघालो तेव्हा गाडी खाली उभी होती, बॅगा लिफ्टपाशी पोचल्या होत्या आणि आई हातावर दही घालत होती. तेवढ्यात सात वर्षांचा भाचा पुढे आला, हात मागे बांधून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “बॉन व्हॉयेज, मामा!” ताईच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. आई म्हणाली, “ते राहू दे. ‘लवकर ये’ म्हण मामाला.”

शाळेतून त्याला एक कागद मिळाला होता. निघणं, प्रवास, पुढे जाणं या विषयावरचे दहा इंग्रजी वाक्प्रचार, पाठ करून यायचे. हिट द रोड, सेट सेल, मेक ट्रॅक्स, अप स्टिक्स आणि हे बॉन व्हॉयेज, जे मुळात फ्रेंच. बर्मिंगहॅममध्ये अकरा वर्षं काढली, पण ते मला छापील कार्डांवरच भेटलं. लोक म्हणतात ‘सेफ जर्नी’. रात्री उशीर झाला असेल तर ‘गेट होम सेफ’. आणि आमच्या भागातली जुनी मंडळी म्हणतात ‘टारा अ बिट’, म्हणजे आपलं ‘बरंय मग’. ते कागदावर नव्हतं.

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला. जूनअखेरीस सरकारला तो मागे घ्यावा लागला, तोवर आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रण पेटलेलं. मीही इथून दोन-चार बाण सोडले. लांब बसलेल्याला मराठीचा पुळका जरा जास्तच येतो, हे मान्य. पण त्या भांडणात इंग्रजीचं नाव कुणी काढलं नाही. राज्यात ती २००० सालापासून पहिलीला आहे, आणि आमच्या ग्रुपवर मराठीसाठी तलवार उपसणाऱ्यांपैकी एकाचंही मूल मराठी शाळेत नाही. इंग्रजी हवी की नको, हा वाद आमच्यापुरता केव्हाच निकालात निघालाय. मीही तिच्याच जिवावर इथे पोट भरतो, तेव्हा तिला नावं कुठल्या तोंडाने ठेवू? माझी तक्रार एवढीच, की आपण ती लग्नात घालायच्या दागिन्यासारखी शिकवतो. रोजच्या वापराचं काही त्या पेटीत नसतं.

याची किंमत मी पहिल्याच आठवड्यात मोजली. शाळेत इंग्रजीत नव्वदच्या वर मार्क, ‘टेक टु वन्स हील्स’चा वाक्यात उपयोग करण्यात हातखंडा. साडेपाचला बॅग उचलली आणि शेजारच्या सहकाऱ्याला म्हणालो, “ओके, आय विल कम.” त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी कळलं, मी काहीतरी आणायला गेलोय असं समजून तो सहापर्यंत थांबला होता. ‘आय ॲम गोइंग’ मला येत नव्हतं थोडंच? तोंडातून निघेना. जाताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे इतकं अंगात मुरलेलं.

इंग्रज कसा निघतो हे नंतर बघून शिकलो. चहा संपतो. पाहुणा दोन्ही तळवे गुडघ्यांवर आपटतो, “राइट” म्हणतो आणि उठतो. झालं! उशीर झाला, चहा छान होता, आता सोडा, हे सगळं त्या एका शब्दात. आपल्याकडे उठल्यानंतर दारात जी अर्ध्या तासाची दुसरी बैठक भरते, चपला पायात आणि हात कडीवर, ती इथे नाही. फोनवर मात्र हे लोक सदाशिवपेठी वळणाचे. कंटाळा स्वतःला आलेला असतो आणि म्हणतात, “आय विल लेट यू गो.” वर उपकार! कोपऱ्यावरचा दुकानदार दुधाचे पैसे घेऊन ‘सी यू लेटर’ म्हणाला तेव्हा मी घरापर्यंत विचार करत आलो, हा लेटर कधी भेटणार? मग उजेड पडला. तेही ‘येतो’च आहे.

वाक्प्रचार पाठ करू नयेत असं नाही. पण त्यांना गाव असतं. ‘सेट सेल’ हे जहाजावर आयुष्य काढलेल्यांचं बोलणं. ‘अप स्टिक्स’ म्हणजे बिऱ्हाड हलवणं, त्यातली काठीही डोलकाठी असावी असं मानतात. ‘गुडबाय’मध्ये ‘देव तुमच्या सोबत असो’ दडलंय, आणि न सांगता सटकण्याला इंग्रज ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात, तर फ्रेंच ‘इंग्रजी पद्धतीने निसटणं’. शेजारधर्म असा. आपला गाशा घोड्यावरचा, पोबारा सोंगट्यांच्या पटावरचा. आणि ज्येष्ठात आळंदी-देहूहून पालख्यांचं ‘प्रस्थान’ होतं, भवानी पेठेत आणि नाना पेठेत त्यांचे मुक्काम पडतात, तेव्हा भाच्याला पालखी दाखवायला नेतात. तो शब्द कुठल्याच कागदावर लिहून दिलेला नाही.

परवा त्याचा फोन आला. दहापैकी आठ मिळाले होते, अप स्टिक्स चुकलं.

“मामा, त्याचा अर्थ काय?”

“गाशा गुंडाळणं.”

“गाशा म्हणजे?”

घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड, मी सांगितलं. पलीकडे थोडी शांतता.

“म्हणजे घोड्याचं सीट कव्हर?”

“हो. सीट कव्हर.”

मागून आईचा आवाज आला, “पुरे आता, त्याला ऑफिस असेल. आणि नीट सांगून ठेव, नुसतं बाय नको.”

“येतो, मामा!” म्हणाला. फोनवर ‘येतो’ नाही, ‘ठेवतो’ म्हणतात, हे सांगेपर्यंत त्याने ठेवलाही होता.