पॅटन आणि नानांचा अंगठा

कालपासून माझ्या पॅटन रणगाड्याच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, शेजारच्या नानांचा अंगठा उमटलेला आहे, आणि तो ठसा कोणत्या पलटणीचे चिन्ह म्हणून खपवावा, हे मला अजून सुचलेले नाही.

जुन्या लढाया टेबलावर फासे टाकून आणि पट्टीने अंतर मोजून पुन्हा लढण्याचा मला नाद आहे. त्यासाठी शंभरास एक या प्रमाणातले रणगाडे स्वतः रंगवावे लागतात. सध्या १९६५ च्या सप्टेंबरातली, पंजाबातल्या असल उत्तरची लढाई हाती आहे. आधी प्रायमर, त्यावर हिरवा रंग, मग खाचाखोचांत उतरणारा पातळ काळपट हात, आणि शेवटी फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश कडांवरून अलगद ओढायचा, असा हा क्रम. अमळनेरच्या मे महिन्यात कूलर लावला तर रंग ब्रशवरच सुकतो आणि बंद ठेवला तर नाकावरून ओघळणारा घामाचा थेंब नेमका इंजिनाच्या जाळीवर पडतो. काल हा निर्णय वीज मंडळाने घेतला. वीज गेली की आमची गल्ली ओट्यावर येते, आणि नाना माझ्या ओट्यावर येतात.

"काय करी राह्यना रे भाऊ? हाई ट्रॅक्टर शे का?"

रणगाडा आहे, असे मी सांगितले. पाकिस्तानच्या चिलखती दलाचे हे सुमारे पंचेचाळीस टनी पॅटन आपल्या सैन्याने पाणी सोडलेल्या शेतांत कसे रुतले, उभ्या उसाआड आपले सेंच्युरियन रणगाडे कसे दबा धरून होते, आणि जीपवरच्या तोफेने अब्दुल हमीद यांनी काय पराक्रम केला, हेही सांगितले. नानांनी त्यातले फक्त रुतणे मनावर घेतले. ओल्या वावरात पंचेचाळीस टनांचे धूड घालणाऱ्या ड्रायव्हरविषयी ते बराच वेळ बोलले. एवढी साधी गोष्ट त्यांच्या सालदारालाही कळते, असे त्यांचे मत पडले, आणि ते मला खोडून काढता आले नाही.

मग त्यांची नजर चाकांच्या पट्ट्यांवरच्या चिखलाकडे गेली. मी तो फिकट तपकिरी केला होता. पंजाबात नद्यांच्या गाळाची जमीन असते, ती आपल्यासारखी काळी नसते, हे मी परोपरीने समजावले.

"माटी काळीच ऱ्हास," नाना म्हणाले, आणि तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती थुंकीने भिजवून त्यांनी ती पट्ट्यांना चोळली. चोळताना पकड हवी म्हणून त्यांनी अंगठा टरेटवर रोवला. तिथला काळपट हात अजून ओला होता.

यानं काय भेटस, हा प्रश्न त्यानंतर आला. प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी १८२४ पासून असेच टेबलावर लढून युद्ध शिकत होते, असे मी जरा चढ्या आवाजात सांगितले.

"त्यासले पगार व्हता ना पण!"

याच गल्लीत दुपारभर पत्ते कुटले जातात, आणि त्या मंडळींना त्यातून काय मिळते, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दोन तास क्रिकेटवर वाद घालणारा माणूस शहाणा ठरतो. ब्रश हातात घेऊन गुपचूप बसलेल्या प्रौढ गृहस्थाला मात्र रोज आपली शुद्ध सिद्ध करावी लागते, त्यातही रंग कुरियरने मागवून, कारण गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो ऑइलपेंट फाटकाला लावायचा असतो आणि त्याच्या एका थरात रणगाड्याचे सगळे बारकावे बुजून जातात. याचा मला खरोखर राग येतो.

नानांनी गल्लीत माझ्याविषयी काय सांगितले ते आज सकाळी कळले. एक अनोळखी गृहस्थ दारात ट्रॅक्टर उभा करून आले, ट्रॉलीच्या मागे 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहून आणि बाजूला दोन मोर काढून हवेत म्हणाले. मी हे काम करत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "बरं, मोर एकच काढा. पण मग मजुरी निम्मी."