महागड्या वहीचे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

माझे मत आधीच सांगते. जे लिखाण दहा-वीस वर्षे हाताशी राहावे असे वाटते आणि जे शाईच्या पेनाने लिहिले जाते, त्याच्यासाठी साध्या वहीच्या तिप्पट-चौपट किंमत मोजणे मला रास्त वाटते. त्यापुढची, दीड-दोन हजारांपर्यंत जाणारी किंमत मात्र बहुतेक वेळा पुठ्ठ्याची, रबरी पट्टीची आणि नावाची असते. शाळेच्या गृहपाठाला, वाणसामानाच्या यादीला किंवा बॉलपेनने भरायच्या रजिस्टरला साठ-सत्तर रुपयांची वही अगदी योग्य असते आणि तिथे महाग वही घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

आपल्या इंदुरात खजुरी बाजारातल्या दुकानांमध्ये आता पुष्कळ वह्यांवर जीएसएमचा आकडा ठळकपणे छापलेला असतो आणि गिऱ्हाईकही त्यावरूनच वहीची पारख करते. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. ए-४ आकाराचे सोळा ताव जोडले की एक चौरस मीटर होतो, ए-५ आकाराचे बत्तीस लागतात. त्यामुळे शंभर पानांची, म्हणजे दोनशे पृष्ठांची ए-५ वही ८० जीएसएमची असेल, तर तिच्या नुसत्या कागदाचे वजन २५० ग्रॅम भरायला हवे. ६० जीएसएमची असेल, तर १९० ग्रॅमच्या आतच राहील. आकडा छापलेला नसेल किंवा छापलेल्या आकड्यावर विश्वास बसत नसेल, तर पुठ्ठ्याचा अंदाज वजा करून घरच्या काट्यावर ही गोष्ट कोणालाही तपासता येते.

पण कागद जाड आहे म्हणजे तो चांगला आहे, असे मात्र समजू नये. जपानचा टोमोए रिव्हर हा कागद ५२ जीएसएम इतका पातळ मिळतो, आपल्या शाळेच्या वहीपेक्षाही हलका, आणि तरीही त्यावर शाई फुटत नाही, मागच्या बाजूला उतरत नाही. याचे कारण कागदाला दिलेल्या खळीत आहे. कागदाचे तंतू मुळात पाणी शोषणारे असतात. त्यांची शोषणशक्ती आवरण्यासाठी कारखान्यात लगद्यातच काही द्रव्ये मिसळतात आणि पुष्कळदा तयार कागदाच्या पृष्ठभागावर स्टार्चचा थर देतात. ही युक्ती कोणा परदेशी कंपनीने अलीकडे शोधलेली नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होत असे, तेव्हाही त्याला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत असत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रे दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात, त्यात बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताइतकेच श्रेय तशा घोटीव कागदाचे आहे. चांगल्या वहीचे जास्तीचे पैसे या खळीचे आणि घोटाईचे असतात, आणि ते द्यायला माझी ना नाही.

देवनागरी लिहिणाऱ्याला तर या गोष्टीची गरज अधिक आहे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. रोमन लिपीत अक्षर थोडे पसरले तरी बहुधा ओळखू येते. आपल्याकडे ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा किंवा गाठीचा असतो. शाई तंतूंमधून पसरली की ती फट बुजते, ष चे पोट भरून जाते आणि अनुस्वाराचा ठिपका मात्रेला चिकटतो. त्यात आपल्यापैकी अनेकांना शब्द पुरा झाल्यावर वरून रेघ ओढण्याची सवय असते. म्हणजे काना आणि शिरोरेषा जिथे मिळतात, तिथे ओल्या शाईवर निब पुन्हा फिरते, आणि कच्च्या कागदावर शाई मागे उतरायला सुरुवात नेमकी तिथूनच होते. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असल्यामुळे हे काहीच घडत नाही. आपल्या स्वस्त वह्या बॉलपेन गृहीत धरून तयार होतात, हा त्यांचा दोष मानता येत नाही; फाउंटन पेन वापरणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे.

आता हिशेब करू. दोनशे पृष्ठांची वही ७० रुपयांना मिळाली, तर एक पृष्ठ ३५ पैशांना पडते. पण शाई मागे उतरल्यामुळे पानाची एकच बाजू वापरता आली, तर तेच पृष्ठ ७० पैशांचे होते. दोन्ही बाजूंनी नीट लिहिता येईल अशी दोनशे पृष्ठांची देशी वही २५० रुपयांना घेतली, तर पृष्ठ सव्वा रुपयाला पडते. दुकानात साडेतीन पट वाटलेले अंतर प्रत्यक्ष वापरात दुपटीच्याही आत येते. १८०० रुपयांची, २४० पृष्ठांची परदेशी वही हाच हिशेब लावला असता पृष्ठाला साडेसात रुपयांवर जाते, आणि तो कागद आपल्या २५० रुपयांच्या कागदापेक्षा सहापट चांगला नसतो. मोलस्किनचे उदाहरण घ्या. या नावाने वह्या १९९७ मध्ये मिलानच्या एका छोट्या प्रकाशकाने बाजारात आणल्या आणि हेमिंग्वे, पिकासो यांच्या काळातल्या काळ्या वह्यांची आठवण सांगत त्या जगभर विकल्या. वही देखणी असते, यात शंका नाही, पण तिचा नेहमीचा कागद ७० जीएसएमचा असतो; म्हणजे तिची किंमत काही कागदाच्या जाडीची नसते.

शिलाईबद्दल लोक फारसे विचारत नाहीत आणि माझ्या मते टिकण्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. आमच्या भजनी मंडळातल्या काकू अभंग, गवळणी, आरत्या वर्षानुवर्षे एकाच वहीत उतरवून ठेवतात, आणि दर गुरुवारी ती वही मांडीवर उघडी असते. मधोमध दोन पिना मारलेली वही एवढा वापर सोसत नाही. पावसाळ्यात पिना गंजतात आणि मधली पाने सुटून हातात येतात. नुसत्या डिंकाने चिकटवलेली जाड वही दिसते भारदस्त, पण ती पूर्ण उघडली की कणा तडकतो आणि पाने एकेक करून निघतात. काकूंना मी जुजबंदीची, दोऱ्याने शिवलेली वहीच घ्यायला सांगते, कारण ती सपाट उघडते आणि तिचे पान सहजी सुटत नाही. दिवाळीत पूजेसाठी आपल्याकडे ज्या लाल कापडी बह्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, विकल्या जातात, त्या दोऱ्याने शिवलेल्या असतात. उधारी-उसनवारीचे पान हरवून चालत नाही, हे व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

कागद पिवळा पडण्याविषयीही थोडे सांगायला हवे. आपल्या मध्य प्रदेशातल्या नेपानगरला न्यूजप्रिंटचा मोठा कारखाना आहे. वर्तमानपत्राच्या अशा कागदात लाकडातले लिग्निन हे नैसर्गिक द्रव्य बरेच राहिलेले असते, म्हणून उन्हात तो काही दिवसांतच पिवळा होतो. लिहिण्याच्या कागदातून लिग्निन बरेचसे काढलेले असते, पण जुन्या पद्धतीने तुरटी आणि राळ वापरून खळ दिली असेल, तर त्यातले आम्ल तंतूंना हळूहळू ठिसूळ करते. ज्या वहीवर आम्लविरहित कागद असे लिहिलेले असेल, ती जपून ठेवण्याच्या लिखाणासाठी घ्यावी. मात्र नेहमीची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते, त्यामुळे कागदावर खर्च करणाऱ्याने पाण्यात न विरघळणारी शाईही घ्यावी. खळ पक्की असलेल्या कागदावर शाई वाळायला वेळ लागतो, श्रावणातल्या दमट हवेत तर अधिकच, तेव्हा टीपकागद जवळ असू द्यावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला. तेव्हा उत्पादकांनी आणि आपल्या बाजारातल्या दुकानदारांनी एवढे करावे, असे मला मनापासून वाटते: वहीवर पृष्ठसंख्या आणि जीएसएम जसे छापतात, तसेच ती पिनांची, डिंकाची की शिलाईची, आणि कागद आम्लविरहित आहे की नाही, हेही छापावे, आणि दुकानात प्रत्येक प्रकारची एक वही उघडी ठेवावी, म्हणजे गिऱ्हाईकाला स्वतःच्या पेनाने तिच्यात चार ओळी लिहून, पान उलटून पाहता येईल.