सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही हो, काका!

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानातून सकाळी सकाळी फोन: "अरे, तुझं सॉफ्टवेअर परत बिघडलं!" काका, सॉफ्टवेअर जिथल्या तिथे आहे. पुतण्याने सर्व्हरवर नवा अँटिव्हायरस टाकला, त्याच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, यूडीपी १४३४ हा पोर्ट, म्हणजे डेटाबेसचा ठावठिकाणा विचारायची वाट, अडवला. आता एसक्यूएल एक्सप्रेस या डेटाबेसचा इन्स्टन्स (सर्व्हरवर चालणारी त्याची प्रत) नावाने सापडणार कसा? मिळतो एरर २६, म्हणजे 'सर्व्हर किंवा इन्स्टन्स सापडत नाही'! मागच्या खेपेला राउटर बदलला, सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलला, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (सॉफ्टवेअरला सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळीत) मात्र जुनाच पत्ता. "कुणी काही केलं का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, कुणी हातसुद्धा लावला नाही!" मग काय, भुताने केलं? बरं, एररचा फोटो मागावा, तर त्यात ट्यूबलाइटची चकाकी, काकांचा अंगठा, आणि अंगठ्याखाली नेमका एरर नंबर. वर "जरा लवकर बघ, गिऱ्हाईक खोळंबलंय!"