जुना डोंगर म्हणजे पक्का डोंगर? ‘गोव्याचा ज्वालामुखी’ या फॉरवर्डला उत्तर

‘गोव्याचा सह्याद्री म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी’ हा संदेश गेले काही दिवस फिरतोय. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहावं लागतंय. त्यात चार दावे आहेत. सगळा डोंगर लाव्हाचा आहे आणि दूधसागर विवराच्या काठावरून पडतो. लाल माती ज्वालामुखीची राख आहे आणि लोखंड लाव्हातून वर आलं. सह्याद्री हिमालयापेक्षा जुना, म्हणजे पक्का बसलेला; त्यात जांभा (लाल-तपकिरी चिऱ्याचा दगड) कठीण, तेव्हा डोंगर उभा कापला तरी ढासळत नाही. आणि शेवटचा, इथल्या पावसाशी डोंगराचा संबंध नाही.

तिसरा दावा आधी घेतो, कारण त्यावर विश्वास ठेवून कोणी घरामागची टेकडी कापली तर पावसात माणसं दबतील.

जांभा हा मुळातला पाषाणच नाही. ऊन आणि धो धो पाऊस हजारो-लाखो वर्षं खाऊन खालचा खडक कुजतो. चुना, सोडा, पोटॅश आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. तोच जांभा, आपला चिरा. तो खाणीत मऊ असतो म्हणून कापता येतो, आणि वारं-ऊन लागलं की कडक होतो. घराच्या भिंतीतला चिरा दगडासारखा लागतो म्हणून डोंगरही तसाच असेल, असं लोकांना वाटतं ते यामुळेच.

पण ही कडक पापुद्र्याची टोपी काही मीटरचीच. तिच्याखाली पांढरट, गुलाबी, कधी पिवळसर चिकणमाती असते. कोरडी असताना ती नखाने खरवडते, ओली झाली की साबणासारखी सरकते. चिऱ्याच्या भोकांतून पाऊस सरळ खाली उतरतो, या मातीवर येऊन अडतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन निघतो. आपल्या गावच्या कित्येक झरी अशाच आहेत. आता पायथाच उभा कापला की चिकणमाती उघडी पडते, तिचा आधार जातो, पाणी आत साचून दाब वाढवतं, आणि वरची टोपी ढेकळासारखी तुटून खाली येते. पहिल्या सरीत हे सहसा होत नाही. सलग पाच-सहा दिवस पाऊस झाल्यावर होतं, कधी पाऊस उघडल्यानंतरही.

उत्तर गोव्यातल्या पेडण्याचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. कोकण रेल्वेचा तिथला बोगदा खोदतानाच मऊ मातीने पुन्हा पुन्हा कोसळला होता. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग पडला, आणि जुलै २०२४ मध्ये पेडण्यातल्याच मालपेच्या बोगद्यात चिखल-पाणी शिरून गाड्या वळवाव्या लागल्या. अभियंते, यंत्रं, काँक्रीट सगळं असूनही ही माती अशी वागते. घरामागे जेसीबी लावून केलेल्या सरळ कापाचं काय होईल?

कापणी आधीच झालेली असेल तर एवढं बघा. वरच्या कडेला समांतर भेग पडलीय का, झाड किंवा विजेचा खांब कललाय का, नेहमीची झर अचानक गढूळ झाली किंवा जागा बदलून वाहू लागली का, संरक्षक भिंत पोटात फुगलीय का. यातलं एक जरी दिसलं तरी पायथ्याच्या खोल्यांत झोपू नका. भिंत बांधताना मागे खडीचा थर आणि आरपार पाणी निघायच्या नळ्या हव्यातच. नुसती काँक्रीटची भिंत पाणी अडवते आणि त्याच पाण्याने कोसळते. काप एकसंध उभा न ठेवता पायऱ्यापायऱ्यांचा, वरच्या कडेच्या मागे गटार, आणि कडेवर मातीचे ढीग नकोत. शिवाय डोंगर कापायला गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ नुसार परवानगी लागते, मालकी तुमची असली तरी.

‘हिमालयापेक्षा जुना’ हे तेवढं खरं आहे. हिमालय उचलला जाऊ लागला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटातला खडक ३०० कोटी वर्षांहून जुना आहे. पण जुना म्हणजे पक्का हा निष्कर्ष उलटा आहे. जितका काळ जास्त, तितकं कुजणं जास्त खोल.

पहिला दावा अर्धाच बरोबर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा गोव्याचा नकाशा उघडा: लाव्हाचा काळा बेसाल्ट फक्त ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या वरच्या अंगाला दिसेल. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बाकीचा गोवा त्याहून कितीतरी जुन्या खडकांचा. मग सह्याद्रीचा हा कडा उभा कसा राहिला? आधी मादागास्कर, मग सेशेल्स भारतापासून तुटून दूर गेले, पश्चिमेची कड मोकळी पडली, आणि नद्यांनी ती कोरत कोरत आत ढकलली. विवराचा इथे काही संबंध नाही.

आता दुसरा दावा. मातीचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा आहे, राखेचा नाही. डिचोली-सांग्याचं खनिज जुन्या समुद्राच्या तळाशी थराथराने साठलं. न कुजलेला तुकडा हातात घेतलात तर राखाडी-काळ्या आणि फिकट पट्ट्या एकाआड एक दिसतात. पावसाचं तर किनाऱ्याजवळची पणजी आणि डोंगराजवळची वाळपई यांचे पावसाचे आकडे शेजारी ठेवा, ढग कड्यावर चढताना किती पाणी टाकतात ते लगेच कळेल.

मुलांना खरंच दाखवायचं असेल तर एक दिवस चोर्ला घाटात न्या: काळा, बारीक कणांचा खडक, डोंगराला आडव्या पायऱ्या. दुसऱ्या दिवशी मोलेहून अनमोड घाटात. तिथे फिकट राखाडी खडकात पांढरी गारगोटी चमकते, काळ्या अभ्रकाच्या रेघा वाकत जातात. दूधसागरचं पाणी ३१० मीटर उतरतं ते अशाच जुन्या ग्रॅनाइटी खडकाच्या चिरांवरून आणि टप्प्यांवरून. प्रत्येक टप्प्यावर आपटून त्याचा फेस होतो, म्हणून ते दुधासारखं दिसतं.