पंखा बंद करून तरुण होता येत नाही

उन्हाळा लागला की एक मेसेज मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्यातल्या महिला मंडळांच्या ग्रुपवर हमखास फिरू लागतो. हिरव्या पाटीवर कमळाचं चित्र, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मजकूर थोडक्यात असा: हॉट योगा, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीतला योग, केल्याने घामावाटे शरीरातली विषं बाहेर पडतात. रोमछिद्रं उघडून त्वचा आतून साफ होते. उष्णतेने कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) वाढतं, सुरकुत्या जातात. चेहऱ्यावर तेज येऊन वय दहा वर्षांनी कमी दिसतं. ही आपल्या ऋषिमुनींचीच विद्या, परदेशी लोक तिच्यावर पैसे कमावतात. आणि शेवटची मेख: कोकणातल्या माणसांना हे सगळं फुकटात आहे, पंखे बंद करा, खिडक्या लावून घ्या आणि तासभर आसनं करा.

मी मालवणात सकाळचा योगवर्ग घेते. बाकीचं सगळं मी एक वेळ हसून सोडून दिलं असतं, पण त्या शेवटच्या वाक्यावरून 'बाई, आपणही पंखे बंद करूया का?' असं वर्गातल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. मेसेजचा क्रम पाळत नाही. ऋषिमुनींपासून सुरुवात करते, कारण तो दावा तपासायला सगळ्यात सोपा.

तापवलेल्या खोलीतला योग ज्यांनी जगभर नेला ते बिक्रम चौधुरी. जन्म 1944, गाव कलकत्ता, गुरू बिष्णुचरण घोष. 1970च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी ठरावीक साचा बसवला: 26 आसनं, 2 श्वसनप्रकार, 90 मिनिटं, खोलीचं तापमान 40 अंशांच्या आसपास, आर्द्रता 40 टक्के. म्हणजे ही 'प्राचीन विद्या' आपल्या काकू-मावशींच्या वयाची आहे. या क्रमावर मालकी हक्क सांगण्याचा त्यांचा प्रयत्नही 2015 साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयात फसला.

जुन्या ग्रंथांत काय आहे? हठयोगप्रदीपिकेत घामाचा उल्लेख आहे, पण तो मेसेजवाल्यांच्या पथ्यावर पडणारा नाही. प्राणायामाच्या श्रमाने जो घाम येतो तो अंगाला चोळून जिरवावा, त्याने शरीराला दृढता आणि हलकेपणा येतो, असं दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, सांगितलंय. घामातून विषं निघतात असं मानणारा माणूस तो परत अंगाला चोळायला सांगेल का? त्याच ग्रंथात साधकाने सुरुवातीच्या काळात टाळायच्या गोष्टींच्या यादीत अग्नीजवळ बसणंही आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर व्यायामाची मात्राच दिलीय: बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानेसुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात. बाकीच्या ऋतूंत अगदी बेताचा. आयुर्वेदात स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम काढणं, आहे, नाही कोण म्हणतं. पण ते आधी स्नेहन (तेल-तूप देणं) करून, माणूस बघून, डोळे आणि हृदय सांभाळून द्यायचं असतं. वीस जणींना एका हॉलमध्ये कोंडून नव्हे. परंपरेचा हवाला द्यायचाच तर निदान ती उघडून वाचावी.

आता विषं. घामात जवळजवळ 99 टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडं पोटॅशियम, लॅक्टेट, किंचित युरिया. काही धातूंचे अंश सापडतात, पण नगण्य. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं शरीरात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. घाम गाळून अंगातलं पाणी कमी केलं की याच गाळणीवर ताण येतो, लघवी गडद आणि कमी होते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. घाम येतो तो अंग थंड ठेवायला, कचरा काढायला नाही.

रोमछिद्रांचं दोन ओळींत आटपते. त्यांना स्नायू नसतात, त्यामुळे ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. गरम हवेत त्वचा मऊ पडते, वरचा तेलकटपणा सैल होतो आणि नंतर साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी स्वच्छ वाटतं, एवढंच.

कोलॅजनचा दावा जास्त चलाख आहे, कारण त्याच्या मागे अर्धं सत्य आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे रेडिओफ्रीक्वेन्सीची यंत्रं असतात. ती त्वचेच्या आतल्या थराला नेमक्या ठिकाणी, थोड्या वेळापुरती 60 अंशांच्या आसपास तापवतात. त्या मोजून केलेल्या इजेवर शरीर नवं कोलॅजन तयार करून उत्तर देतं. योगाच्या खोलीत त्वचा तेवढी तापत नाही, तापली तर भाजून निघेल. उलट, वारंवार मिळणाऱ्या मध्यम उष्णतेने त्वचेच्या पेशींत कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम्स), विशेषतः एमएमपी-1 नावाचं, वाढतात असं प्रयोगांत दिसलंय.

त्यासाठी प्रयोगशाळेत जायलाही नको. चुलीसमोर वर्षानुवर्षं बसलेल्या एखाद्या आजीच्या पायाच्या नळ्या बघा. त्यावर तपकिरी, जाळीदार डाग असू शकतात, माशाच्या जाळ्याचा ठसा उमटावा तसे. ऊन नाही, जखम नाही, नुसती धग. काश्मीरमध्ये फिरनच्या (लांब, सैल झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर असेच डाग पडतात, आणि कांगडीच्या त्या शेकाने होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. मी काही हॉट योगाने कर्करोग होतो असं म्हणत नाही. चुलीची धग आणि 40 अंशांची हवा यांत पुष्कळ अंतर आहे, आणि हॉट योगाने सुरकुत्या वाढतात असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पण उष्णता मिळाली की त्वचा तरुण होते, या म्हणण्याला बूड नाही. ज्यांच्या गालांवर वांग आहे त्यांनी तर जास्तच जपावं. वांग उन्हाने वाढतो तसा नुसत्या उष्णतेनेही वाढतो, आणि एकदा गडद झाला की महिनोन्महिने हटत नाही.

मग वर्गानंतर चेहऱ्यावर येणारं तेज? ते खरं आहे. अंग तापलं की ते थंड करायला रक्त त्वचेकडे धावतं, गाल लाल होतात, घामाने चेहरा चमकतो. तासाभरात सगळं जागेवर येतं. त्या तासाभरात काढलेले सेल्फी मात्र कायम राहतात, आणि बहुधा तेच मेसेजबरोबर फिरतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. व्यायामाचा त्वचेच्या वयाशी संबंध आहे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी बैठं आयुष्य जगणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या काही माणसांना तीन महिने नियमित व्यायामाला लावलं आणि आधी-नंतर त्यांच्या त्वचेचे नमुने तपासले. नमुने घेतले ते नितंबावरचे, म्हणजे जिथे ऊन लागत नाही तिथले. व्यायामानंतर ती त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली बरीच तरुण दिसली. माणसं थोडी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. पण खोली तापवल्याने काही घडलं असं त्यात कुठेही नाही, घडलं ते व्यायामाने.

खोली तापवण्याचा वेगळा फायदा होतो का, हेही बघून झालंय. टेक्सासमध्ये चाळिशी ते साठीच्या, व्यायाम न करणाऱ्या माणसांवर केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने बिक्रमचीच 26 आसनं तापवलेल्या खोलीत केली, दुसऱ्या गटाने तीच आसनं साध्या तापमानात. 12 आठवड्यांनी रक्तवाहिन्यांची गरजेप्रमाणे रुंदावण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली. गरम खोलीने त्यात काही भर घातली नाही. हा अभ्यास रक्तवाहिन्यांचा होता, त्वचेचा नाही. पण त्वचेला रक्त पोचतं ते रक्तवाहिन्यांतूनच, आणि श्रेय आसनांचं निघालं, हीटरचं नाही.

चेहऱ्यावरचं वय मुख्यतः ठरतं ते उन्हाने. 2012 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ट्रक चालवणाऱ्या 69 वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं गाडी चालवताना खिडकीतून डाव्या बाजूवर ऊन पडत राहिलं, त्यामुळे चेहऱ्याचा डावा भाग उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला. एकच माणूस, एकच वय, एकच खाणंपिणं.

आपल्याकडे मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर सुके बांगडे पालथे-उताणे करणाऱ्या बायकांचे हात बघा, किंवा शिरोड्याच्या मिठागरातल्या कामगारांच्या मानेची मागची बाजू. घामाने त्वचा तरुण राहत असती तर यांच्याइतकं तरुण कोकणात कुणी दिसलं नसतं. खाली वाळू तापलेली, वर ऊन, आणि घाम तर विचारू नका. मासे सुकवणारी एक ओळखीची बाई हा मेसेज ऐकून म्हणाली, 'आमका कित्याक व्हयो तुमचो हॉट योगा?' त्यांच्या कातडीचं वय उन्हाने वाढवलंय आणि घामाने ते रोखलेलं नाही.

याउलट, ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे 900हून जास्त माणसांवर साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी दिसलं. सनस्क्रीन परवडत नसेल तर छत्री, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज आणि डोक्यावर पदर. विडी-सिगारेट असेल तर ती सोडणं. या सल्ल्याचा फॉरवर्ड होत नाही, कारण त्यात कमळ नाही.

राहिला तो फुकटच्या हॉट योगाचा सल्ला. मला राग आहे तो याच्यावर.

घाम अंगावरून ओघळून जमिनीवर पडला तर तो तुम्हाला थंड करत नाही. तो कातडीवर वाळला तरच उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता उडते. सगळा ओघळून गेला तर शून्य. आता हिशेब बघा. बिक्रमच्या नियमातली खोली, 40 अंश आणि 40 टक्के आर्द्रता, म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण 20 ग्रॅम बाष्प. मालवणात मे महिन्यात 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर ते 25 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे आपल्या खिडकीबाहेरच्या हवेतच त्या तापवलेल्या खोलीपेक्षा जास्त पाणी आहे! अशा हवेत पत्र्याच्या छपराखाली खिडक्या लावून वीस जणी तासभर आसनं करायला लागल्या, प्रत्येकीचा अर्धा लिटर घाम गेला, तर 10 लिटर पाणी त्या बंद खोलीत सुटतं. मध्यम आकाराच्या हॉलमधल्या हवेला ते पेलवतच नाही. घाम वाळायचा थांबतो, अंग आतून तापत राहतं. बाहेरच्या स्टुडिओत निदान तापमापक आणि आर्द्रतामापक असतो, इथे फक्त उत्साह. दमट किनाऱ्यावरची उष्णता काय करते हे नवी मुंबईतल्या खारघरने 16 एप्रिल 2023ला दाखवलंय. तिथे एका कार्यक्रमाला उघड्यावर बसलेल्या माणसांचे बळी गेले आणि त्या दिवशी पारा 40च्या खालीच होता.

त्वचेपुरतं बोलायचं तरी हा प्रयोग उलटाच पडणार. न वाळणाऱ्या घामाने घर्मग्रंथींची तोंडं बुजतात आणि घामोळं उठतं. सलवारीच्या नाडीखाली, छातीखाली, जांघेत गजकर्ण धरतं. पाठीवर शिबं येतात. मग दुकानातून कुणीतरी सांगितलेलं ट्यूबमधलं मलम आणलं जातं, ज्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते, गजकर्ण आत पसरत राहतं, आणि महिनोन्महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होऊन शिरा दिसू लागतात. तरुण दिसायला निघालेल्या बाईला अकाली म्हातारी कातडी मिळते ती अशी.

गरम खोलीतल्या योगाचं कुणाला मनापासून बरं वाटत असेल तर माझी ना नाही. पुण्या-मुंबईत चांगल्या वर्गाला जा, दारं उघडता येतात का ते आधी बघा. गरोदर बायका, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेही आणि हृदयरोगी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. नंतर नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसू नये, रक्तातलं मीठ खाली येतं. मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत बरं. कपडे सुती घाला आणि नंतर लगेच बदला, अंग कोरडं करा, मॅट स्वतःचीच वापरा.

आमच्या वर्गात पंखे चालूच राहणार. मे महिन्यात वेळही पहाटे साडेपाचची. आणि कुणी मेसेज वाचून घरी खिडक्या लावून बसलीच, तर डोकं भणभणणं, मळमळ, गरमीतही काटा येणं, बोलताना अडखळणं, यातलं काहीही दिसलं की आसन पुरं करायची वाट बघू नका. तिला बाहेर आणा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत पंखा लावा. असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, 108ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा.